कोणता डॉलर, कोणते घड्याळ?

कॅरिबियन समुद्रात फिरणारी पर्यटन जहाजे ज्या बंदरांना लागतात, त्या बंदरांत मिळून डॉलर या एकाच नावाची आठ निरनिराळी चलने चालतात. अमेरिकेचा डॉलर, बहामाचा, केमन बेटांचा, जमैकाचा, बार्बाडोसचा, त्रिनिदाद-टोबॅगोचा, बेलीझचा आणि काही लहान बेटांनी मिळून चालविलेला पूर्व कॅरिबियन डॉलर. चिन्ह सर्वांचे सारखेच. दुकानाच्या पाटीवर, उपाहारगृहाच्या दरपत्रकावर आणि टॅक्सीचालकाच्या तोंडी केवळ ‘डॉलर’ एवढाच शब्द असतो. त्याचे मोल मात्र बहामात अमेरिकी डॉलरइतके, बार्बाडोसमध्ये त्याच्या निम्मे, सेंट लुशियात तिसऱ्या हिश्श्याहून जरासे अधिक आणि केमन बेटांवर चक्क अमेरिकी डॉलरहूनही वरचढ.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहावयास गेलेले आई-वडील आता या सफरीला आवर्जून जातात. मुलगा-सून हौसेने मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून सात दिवसांच्या जहाजाचे आरक्षण करतात; पुष्कळदा त्यांना रजा नसते आणि ज्येष्ठ दांपत्य एकटेच किंवा समवयस्कांच्या गटासह निघते. जहाजावर पैशाचा प्रश्न जाणवतच नाही. चढतानाच क्रेडिट कार्डाची नोंद होते, खोलीच्या कार्डावर सर्व खर्च मांडला जातो आणि हिशेब अमेरिकी डॉलरमध्ये शेवटच्या दिवशी हाती येतो. अडचण सुरू होते ती धक्क्यावर उतरल्यावर. तेथे चलन बदललेले असते, आणि घड्याळही बदललेले असू शकते. या दोन गोष्टींचा उलगडा घरी कागद-पेन्सिल घेऊन आधीच केला, तर उरलेली सफर निर्वेध होते.

पूर्व कॅरिबियन डॉलर हा या सर्वांत अधिक गोंधळात टाकणारा आणि अर्थव्यवहाराच्या दृष्टीने अधिक मनोवेधकही. अँटिग्वा-बार्बुडा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स-नेव्हिस, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट-ग्रेनेडीन्स हे सहा स्वतंत्र देश आणि अँग्विला व माँटसेराट हे दोन ब्रिटिश प्रदेश यांचे हे सामाईक चलन. त्यांची मध्यवर्ती बँकही एकच. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेचे मुख्यालय सेंट किट्समधील बास्तेर या गावी आहे. पूर्वी हे चलन ब्रिटिश पौंडाशी जोडलेले होते. १९७६ मध्ये ते अमेरिकी डॉलरशी जोडले गेले, एका अमेरिकी डॉलरला २.७० या दराने. त्यानंतर जगात तेलाचे भाव चढले-उतरले, वादळांनी बेटे उद्ध्वस्त झाली, मोठमोठ्या देशांची चलने घसरली. हा दर मात्र तसूभरही हललेला नाही. लाख-दीड लाख लोकवस्तीच्या बेटांनी एकत्र येऊन राखलेली ही शिस्त बँकिंगच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. शंभराच्या नोटेवर सर आर्थर लुईस यांचे चित्र आहे. सेंट लुशियात जन्मलेल्या या अर्थशास्त्रज्ञांना १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

प्रवाशाच्या दृष्टीने या स्थिर दराचा अर्थ साधा आहे. टॅक्सीवाल्याने ‘ऐंशी डॉलर’ सांगितले आणि ते पूर्व कॅरिबियन असले, तर अमेरिकी चलनात ते तीसच्याही आत येतात. प्रवाशाने न विचारता चार वीसच्या अमेरिकी नोटा हातावर ठेवल्या, तर पन्नास डॉलर अकारण गेले. समोरचा माणूस लबाड असतो असे नव्हे. त्याने आपल्या देशाच्या चलनात भाव सांगितला, पाहुण्याने आपल्या समजुतीने दिला. पुष्कळदा एवढेच घडते. उलटही होते. पर्यटकांची सवय झालेला चालक अमेरिकी डॉलरमध्येच भाव सांगतो, प्रवासी तो स्थानिक समजतो आणि उतरताना वाद होतो. म्हणून गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न ठरलेले असावेत: कोणता डॉलर, गाडीचा की माणशी, आणि जाण्याचा की जाऊन येण्याचा? या बेटांवरील टॅक्सींना बहुधा मीटर नसतो. सरकारने ठरविलेले दरपत्रक असते आणि ते धक्क्यावरील फलकावर लावलेले आढळते. अमेरिकी व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसवर दर माणशी असतो, बार्बाडोसमध्ये गाडीचा. चौघांच्या कुटुंबाला हा भेद ठाऊक नसेल, तर चौपटीचा धक्का बसतो.

लहान विक्रेते अमेरिकी डॉलर आनंदाने घेतात. मात्र सुटे पैसे स्थानिक चलनात परत करतात, आणि दर २.७० न धरता कोणी २.६० तर कोणी २.५० धरतो. पाच-दहा डॉलरच्या खरेदीत याचा विचार करू नये. शंभराची नोट मोडताना मात्र जरूर करावा, कारण त्या बदल्यात हाती येणारा गठ्ठा जहाज सुटल्यावर निरुपयोगी ठरू शकतो. सेंट किट्समध्ये उरलेले पैसे दोन दिवसांनी सेंट लुशियात किंवा ग्रेनाडात चालतात, ही सोय आहे. बार्बाडोसमध्ये ते चालविण्याची अपेक्षा धरू नये, आणि भारतातील साध्या परकीय चलन विक्रेत्याकडे तर त्यांना कोणी विचारणार नाही.

बार्बाडोसचा हिशेब सोपा. १९७५ पासून एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर. पाटीवरील आकडा निम्मा केला की झाले. बेलीझमध्येही दोनाचाच हिशेब. बहामात आकडा आहे तसाच ठेवावा. जमैकात भाव हजारांत असतात, कारण तेथे एका अमेरिकी डॉलरला दीडशेहून अधिक स्थानिक डॉलर मिळतात. इतका फरक असल्यामुळे गैरसमज सहसा होत नाही. खरी फसगत होते ती केमन बेटांवर. आपल्या मनाने एकदा ठरविलेले असते की बेटावरचे चलन म्हणजे अमेरिकेहून स्वस्त. जॉर्ज टाऊनमधील उपाहारगृहात वीस डॉलरची थाळी पाहून प्रवासी निश्चिंत बसतो आणि देयक येते ते पंचवीस अमेरिकी डॉलरचे. केमनचा एक डॉलर अधिकृत दराने १.२० अमेरिकी डॉलरचा. दुकानदार अमेरिकी डॉलर ऐंशी सेंटांचा धरतात, म्हणून वीसचे पंचवीस.

झेंडा पाहून चलनाचा अंदाज बांधू नये, हेही येथे शिकावयास मिळते. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर राजा ब्रिटनचा, चलन अमेरिकेचे. बोनेअर हे नेदरलँड्सचे बेट. तेथे २०११ पासून अमेरिकी डॉलरच अधिकृत आहे. शेजारचे कुरासाव आणि सिंट मार्टेन यांनी मात्र ३१ मार्च २०२५ पासून ‘कॅरिबियन गिल्डर’ हे नवे चलन सुरू केले, एका अमेरिकी डॉलरला १.७९ या दराने. घरात कोणी पूर्वी जाऊन आलेल्याने जपून ठेवलेल्या जुन्या अँटिलियन गिल्डरच्या नोटा आता तेथील दुकानात चालत नाहीत. सिंट मार्टेनचे बेट तर दोन देशांत वाटलेले. फिलिप्सबर्गला उतरून टॅक्सीने फ्रेंच बाजूच्या मारिगोला गेले की युरो सुरू. सीमेवर थांबविणारे कोणी नसते. डॉमिनिका आणि सेंट लुशिया यांच्या मधोमध असलेले मार्टिनिक हेही फ्रान्सचाच भाग, म्हणून तेथेही युरो. तीन दिवसांत पूर्व कॅरिबियन डॉलर, युरो आणि पुन्हा पूर्व कॅरिबियन डॉलर असा क्रम लागतो. ग्वाडेलूप आणि मार्टिनिक फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाहीत. भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी कोणत्या बंदरासाठी कोणता व्हिसा लागतो, हे जहाज कंपनीकडून आरक्षणापूर्वीच लेखी घ्यावे.

कार्डाचा वापर करणाऱ्यांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची. दुकानातील यंत्र कधी कधी विचारते, रक्कम स्थानिक चलनात भरणार की रुपयांत? रुपयाचा आकडा ओळखीचा असल्यामुळे माणूस तोच निवडतो. त्या सोयीसाठी यंत्रामागची संस्था आपला विनिमय दर लावते आणि तो ग्राहकाला महागच पडतो. क्रेडिट कार्डाने पैसे देताना स्थानिक चलनच निवडावे. भारतीय बँका परदेशी व्यवहारावर बहुधा दोन ते साडेतीन टक्के आकार आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी घेतात. म्हणजे साडेतीन टक्क्यांचे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात. अमेरिकी डॉलर भरलेले प्रीपेड कार्ड असेल तर गणित थोडे वेगळे. ते पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये वापरल्यास दुसऱ्या चलनात गेल्याचा आकार लागतो. येथे स्थिर दर मदतीला येतो. २७० चे देयक म्हणजे बरोबर शंभर अमेरिकी डॉलर. यंत्राने अमेरिकी डॉलरचा पर्याय देऊन १०२ दाखविले आणि कार्डाचा आकार साडेतीन टक्के असला, तर १०२ देणे फायद्याचे. १०६ दाखविले तर नाही. भाव रोज बदलणाऱ्या चलनात हा निर्णय उभ्या उभ्या घेता येत नाही, येथे घेता येतो. अर्थात कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार भारतातून निघण्यापूर्वीच सुरू करून ठेवलेले असावेत. ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो आणि तो क्रमांक भर समुद्रात मुका असतो.

आता घड्याळाकडे वळू. ज्याचे पैसे चुकले त्याचे नुकसान पन्नास डॉलरचे. ज्याचे घड्याळ चुकले त्याचे जहाज जाते.

पूर्वेकडील बहुतेक बेटे, म्हणजे बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा, सेंट थॉमस, पोर्तो रिको ही वर्षभर एकच वेळ पाळतात. जमैका, केमन आणि मेक्सिकोचे कोझुमेल हीदेखील आपली वेळ बदलत नाहीत. मायामी मात्र मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेते. परिणाम असा की हिवाळ्यात बार्बाडोस मायामीच्या एक तास पुढे असते, उन्हाळ्यात दोघांची वेळ एकच होते. आणि उन्हाळ्यात जमैका, केमन व कोझुमेल मायामीच्या एक तास मागे पडतात. यात भर म्हणजे काही जहाजे स्थानिक वेळेनुसार आपली घड्याळे हलवितात, काही निघाल्या बंदराचीच वेळ ठेवतात. पाळावयाची ती जहाजाची वेळ.

जून-जुलैमध्ये कोझुमेलला उतरलेल्या प्रवाशाची कल्पना करावी. त्याचे जहाज मायामीची वेळ पाळते. परतण्याची अखेरची वेळ साडेचार. खिशातील भ्रमणध्वनी किनाऱ्यावरील मनोऱ्याची वेळ आपोआप उचलतो आणि साडेतीन दाखवितो. प्रवासी निवांतपणे शहाळे पीत बसतो. आपल्याकडील बहुतेक पालक मुलांकडे उन्हाळ्यातच जातात, म्हणून हा धोका त्यांच्या वाट्याला अधिक येतो. हिवाळ्यातील पूर्वेच्या सफरीत उलट प्रकार: जहाजाने स्थानिक वेळ स्वीकारलेली आणि मनगटावरील जुने घड्याळ मायामीचे, एक तास मागे. उपाय सोपा आहे. दूरध्वनीची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करावी, मनगटी घड्याळ रोज सकाळी जहाजातील घड्याळाशी जुळवून घ्यावे, आणि अखेरची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी. ही वेळ जहाज सुटण्याच्या साधारणपणे अर्धा तास अगोदरची असते आणि उतरण्याच्या दारापाशी फलकावर लिहिलेली असते.

बंदरात आठ ते पाच असे छापलेले असले, म्हणजे हाती नऊ तास आले असे नाही. परवानग्या होऊन दार उघडेपर्यंत वेळ जातो. केमनसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात आणि त्यासाठी रांग असते. जहाज कंपनीच्या सहली घेतलेल्यांना त्या बोटींत अग्रक्रम मिळतो. दोन्ही टोकांची वजाबाकी केल्यावर सहा-सात तास उरतात.

सहल कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न याच तासांशी बांधलेला आहे. जहाज कंपनीची सहल स्थानिक चालकाकडील सहलीपेक्षा ठळकपणे महाग असते. त्या जादा पैशात जी गोष्ट विकत मिळते ती म्हणजे जहाजाचे थांबणे. कंपनीची बस दरड कोसळल्याने अडकली, तर जहाज वाट पाहते किंवा कंपनी आपल्या खर्चाने प्रवाशांना पुढे पोहोचविते. स्वतंत्रपणे गेलेला प्रवासी उशिरा आला, तर पुढच्या बंदरापर्यंतचे विमान, रात्रीचे हॉटेल आणि वाटेतील व्हिसाचा प्रश्न सर्व त्याच्या माथी. वादळामुळे बंदरच रद्द झाले, आणि जून ते नोव्हेंबर या वादळी हंगामात ते घडते, तर कंपनीच्या सहलीचे पैसे खात्यावर परत जमा होतात. खासगी सहलीचे करारातील अटींवर अवलंबून. या हमीला विम्याचा हप्ता समजावे. हप्ता कोठे भरावा आणि कोठे भरू नये, एवढेच ठरवावयाचे.

सॅन हुआनला भरू नये. जहाज जुन्या शहराला लागूनच उभे राहते, फरसबंदी गल्ल्यांतून चालत एल मोरो या सोळाव्या शतकात उभारणी सुरू झालेल्या किल्ल्यापर्यंत जाता येते, चलनही अमेरिकी. कुरासावच्या विलेमस्टाडलाही नको. १८८८ साली प्रथम बांधलेला तरंगता पूल ओलांडून रंगीत डच घरांच्या रांगा पाहत हिंडणे, हीच तेथील सहल. ब्रिजटाऊनमध्ये क्रिकेटप्रेमींनी टॅक्सी करून थेट केन्सिंग्टन ओव्हल गाठावे. बंदरापासून ते जवळच आहे. २९ जून २०२४ रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला तो याच मैदानावर. ज्यांच्या स्मरणात १९७१ साली रेडिओवर कान लावून ऐकलेली वाडेकरांच्या संघाची आणि तरुण गावसकरांच्या ७७४ धावांची मालिका आहे, त्यांना या बेटांवर मार्गदर्शकाची गरज भासणार नाही. टॅक्सीचालकच विषय काढतो.

सेंट लुशियात मात्र हप्ता भरावा. जहाज कॅस्ट्रीजला लागते आणि जगप्रसिद्ध पिटन शिखरे व सूफ्रिएरचे गंधकाचे उकळते झरे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. वळणावळणाच्या डोंगरी रस्त्याने एका बाजूचा प्रवासच सव्वा ते दीड तासाचा, पावसात त्याहून अधिक. डॉमिनिकाच्या अंतर्भागातील धबधब्यांनाही तोच नियम. खासगी सहल नोंदविताना डॉमिनिका आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक यांची गल्लत करू नये. देश दोन, भाषा दोन, चलनेही दोन. सेंट किट्सची जुनी ऊस वाहणारी रेल्वे, जी साखर उद्योग २००५ मध्ये बंद पडल्यावरही पर्यटकांसाठी धावत राहिली, ती जहाज कंपनीमार्फतच घेणे सोयीचे, कारण तिच्या वेळा जहाजांच्या वेळांशी जुळविलेल्या असतात. मधल्या अंतराच्या जागांसाठी दोन-तीन कुटुंबांनी मिळून टॅक्सी करावी आणि परतीसाठी अखेरच्या वेळेच्या निदान दीड तास आधी धक्क्यावर यावे. चालकाला संपूर्ण रक्कम परतल्यावरच द्यावी. तो आपल्याला विसरत नाही.

सहलींच्या याद्या शेवटपर्यंत वाचाव्यात. समुद्रसौंदर्य म्हणून छापलेल्या काही सहली प्रत्यक्षात मासेमारीच्या असतात, काहींत बंदिस्त तलावातील डॉल्फिनबरोबर पोहणे असते. ज्या घरांना हे रुचत नाही त्यांनी पैसे भरण्यापूर्वीच पाहिलेले बरे. जेवण समाविष्ट असेल तर त्याचेही स्वरूप विचारावे. या बेटांवर शाकाहारी म्हणून जे पुढे येते त्यात सुरण, रताळे, कसावा, अळकुड्या यांचाच भरणा असतो. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्याला ते जेवण कामाचे नाही. नीरफणस मात्र झाडावरचा आहे. कॅप्टन ब्लाय यांनी १७९३ मध्ये त्याची रोपे सेंट व्हिन्सेंटला आणली आणि आज तो घरोघरी भाजून खाल्ला जातो. कोकणातून गेलेल्या माणसाला ही ओळख सुखावते. घरून नेलेली खाकऱ्याची मोहोरबंद पाकिटे किनाऱ्यावर नेण्यास सहसा अडचण येत नाही, जहाजावरील फळे मात्र खाली नेऊ नयेत. बार्बाडोस, सेंट लुशिया, जमैका अशा अनेक ठिकाणी लष्करी छापाचे कपडे नागरिकांना कायद्याने निषिद्ध आहेत. नातवाची तसली विजार पेटीतच राहू द्यावी.

दांपत्याला सात दिवसांसाठी दोन-अडीचशे डॉलर रोख पुरेत, पण ते एक, पाच, दहा आणि वीसच्या नोटांत असावेत. भारतात चलन घेताना बहुधा शंभराच्याच नोटा मिळतात. त्या अमेरिकेत मुलाच्या बँकेतून मोडून घ्याव्यात. फाटक्या वा लिहिलेल्या नोटा बेटांवर नाकारल्या जातात आणि अमेरिकी नाणी कोणी घेत नाही. किनाऱ्यावर जाताना जहाजाचे कार्ड, पारपत्र व व्हिसाच्या छायाप्रती, दोन दिवसांची औषधे आणि दैनिक पत्रकात छापलेला बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा.

परतल्यावर उरलेल्या परकीय नोटा दोन हजार अमेरिकी डॉलरच्या मोलापर्यंत बाळगण्यास रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. त्यावरील रक्कम १८० दिवसांच्या आत अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी लागते. नाण्यांना मर्यादा नाही. जहाजाच्या खात्याचे अंतिम देयक आणि कार्डाचे विवरण एकमेकांशी ताडून पाहीपर्यंत एकही पावती टाकू नये, कारण किनाऱ्यावरचे काही व्यवहार आठवडाभराने उमटतात आणि त्यांवरचा आकार त्याहूनही उशिरा.